शंभर किलोमीटरच्या आतलं खायचं ठरवलं, आणि पहिली विकेट चहाची पडली

चुलीवरची
९ ऑगस्ट, सकाळी ७:१२

मंडळी, गुढीपाडव्याला घरात एक ठराव मांडला. आम्ही पुण्यात राहतो. घरापासून शंभर किलोमीटरच्या आत जे पिकतं तेवढंच वर्षभर स्वयंपाकघरात येईल. नवऱ्याने मान डोलावली (तो कशालाही डोलावतो), लेकीने "मॅगी कुठे पिकते?" एवढं विचारून घेतलं, आणि सासूबाईंनी काही न बोलता चहाचं आधण ठेवलं. पहिली विकेट तिथेच पडली. दूध मुळशीच्या गोठ्यातलं, साखर नीरेकाठच्या कारखान्याची, आलं साताऱ्याकडचं, पाणी खडकवासल्याचं. पण ज्या चमचाभर पत्तीमुळे या सगळ्याला चहा म्हणायचं, ती दोन हजारांहून जास्त किलोमीटर तुडवत आसामातून आलेली. सासूबाई म्हणाल्या, "तुझा ठराव तू पाळ, माझा चहा मी पिते." चहाला सूट मिळाली.

दुसरी विकेट हिंगाची. आपल्या आमटीचा वास अफगाणिस्तानातून येतो हे इतकी वर्षं डोक्यातच आलं नव्हतं. तिसरी पडली आषाढीला. साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमचा. त्या दिवशी वरईचा भात, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस केला. कुणाची तक्रार नाही. उलट नंतरची जळजळ नाही म्हणून सासूबाई खूश.

बाकीचं बरं चाललंय. भात मावळातला इंद्रायणी. १९८७ साली वडगावच्या केंद्राने आंबेमोहरापासून काढलेला हा वाण आता इतका घरचा झालाय की तो जुनाच वाटतो. मटार पुरंदरचा, टोमॅटो नारायणगावचा, कांदा चाकणकडचा, बटाटा मंचरकडचा. कोरेगावचा वाघ्या घेवडा नकाशावर पट्टी ठेवून मोजला तर वर्तुळात बसतो, एसटीने गेलं तर बसत नाही. आम्ही पट्टी धरली. तूरडाळ मात्र लातूर-अकोल्याची, म्हणून हुलगा, मटकी, मूग यांच्यावर दिवस काढतोय. गहू तर पुण्यात कुणाचाच पुण्याचा नसतो. ज्याला आपण कौतुकाने 'लोकवन' म्हणतो ते मुळात गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं 'लोक-१', आणि आमच्या वाण्याकडे येतं मध्य प्रदेशातून. त्यामुळे रोज भाकरी. माझ्या भाकऱ्यांचे नकाशे होतात, पण होतात.

साडेचार महिने झाल्यावर आता प्रश्न पडलाय की हे नेमकं कशासाठी करतेय? चव? तब्येत? पर्यावरण? की नुसतंच शहरी खूळ? तुमच्याकडे कोण असं काही करतं का?

नवखा_बल्लवाचार्य
९ ऑगस्ट, सकाळी ८:३०

वाचतोय. मुंबईकरांनी काय करायचं? माझा सर्वात स्थानिक पालक मला रोज सकाळी लोकलच्या खिडकीतून दिसतो. रुळांच्या कडेला, नाल्याच्या पाण्यावर, हिरवागार. घरापासून अंतर चारशे मीटर.

आकडेमोड
९ ऑगस्ट, सकाळी १०:०५

नवख्याने गमतीत नेमकं सांगितलंय. जवळचं म्हणजे स्वच्छ असं काही नसतं. पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेच्या पाण्यावर पालेभाज्या होतात, त्या ताईंच्या वर्तुळाच्या अगदी मधोमध आहेत.

आता पर्यावरण. 'अन्नाने किती मैल प्रवास केला' ही कल्पना ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात रुजली, आणि ऐकायला गोड आहे. पण २००८ साली वेबर आणि मॅथ्यूज यांनी अमेरिकन घरांच्या अन्नाचा पूर्ण हिशोब मांडला. हरितगृह वायूंपैकी सगळी वाहतूक धरून सुमारे ११ टक्के, आणि शेतावरच्या उत्पादनाचा वाटा ८३ टक्के. म्हणजे काय खाता आणि ते कसं पिकवलं याने जास्त फरक पडतो, कुठून आलं याने कमी. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा कळते. दहा टनांचा ट्रक भरून आलेल्या तांदळाला किलोमागे फार डिझेल लागत नाही. तुमचे यजमान गाडी काढून पाच किलो इंद्रायणीसाठी मावळात जात असतील, तर तो तांदूळ पंजाबच्या बासमतीपेक्षा महाग पडला समजा. पर्यावरणाला.

चुलीवरची
९ ऑगस्ट, सकाळी १०:४०

@आकडेमोड, तुम्हाला कुणी सांगितलं? गेला होता. एकदाच. येताना मिसळ खाऊन आला, आणि त्या मिसळीतली मटकी कुठली होती हे विचारायचं विसरला.

मांडवीतीर
९ ऑगस्ट, दुपारी १:२०

गोव्यातून बोलतो. आमच्याकडे भाजी म्हणजे बेळगाव. पहाटे ट्रक चोर्ला घाट उतरतात आणि मग राज्यात भाजी शिजते. घाटात दरड पडली की दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीचा भाव विचारू नये. सरकारचं फलोत्पादन महामंडळ गाड्यांवर सवलतीत भाजी विकतं, पण तिच्यातही बेळगावचाच भरणा.

त्यामुळे इथे एक शब्द फार वजनदार आहे, 'गांवठी'. पुण्यात कुणाला गावठी म्हटलं तर भांडण होईल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तोच शब्द उच्चारला की भाव चढतो. गांवठी वाल, गांवठी भेंडी, आगशीची वांगी, काणकोणची खोला मिरची (हिला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं). टोपली घेऊन बसलेल्या बाईला "गांवठी मगे?" असं विचारायचं आणि तिने रागाने बघायचं, हा ठरलेला कार्यक्रम. तिचा राग खरा असतो. सकाळी स्वतःच्या परसातून तोडून आणलेलं असतं ते.

आणि शंभर किलोमीटर कशाला? माझी आजी मे महिन्यात पुरुमेंत भरायची. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, चिंच, फणसाच्या आठळ्या मातीत घोळून. चार महिने घराबाहेर बघायची गरज नाही. तिला कुणी स्थानिक आहार वगैरे म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, दुसरा कुठला असतो?

पांढराकांदा
९ ऑगस्ट, दुपारी २:०५

@मांडवीतीर, आमच्याकडे त्यालाच आगोट म्हणतात. आगोटीची खरेदी झाली नाही तोवर बाईमाणसाला झोप नाही.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये मानांकन मिळालं. गोडसर, कच्चा खावा असा, वेणी घालून टांगायचा. आता झालंय काय, हंगामात रस्त्याच्या कडेला जेवढ्या वेण्या लटकतात तेवढा कांदा अख्ख्या तालुक्यात पिकत असेल की नाही याची मला शंका आहे. कुठलाही पांढरा कांदा आणायचा, वेणी घालायची, मुंबईची गाडी थांबली की 'अलिबागचा'. हापूसचं वेगळं काय आहे? पेटीवर देवगड, आत कर्नाटक. चुलीवरची ताई, तुमचं वर्तुळ कंपासने काढलेलं आहे, पण आत काय येतंय याची खात्री विकणाऱ्याच्या तोंडावरच ना?

चुलीवरची
९ ऑगस्ट, दुपारी ३:१५

बरोबर. दोनदा फसले आहे. मुळशीचा म्हणून घेतलेला आंबेमोहर शिजल्यावर घरभर काही वास सुटला नाही. आईच्या हातचा आंबेमोहर शिजायचा तेव्हा जिन्यात कळायचं. आता मी एकाच मावशींकडून घेते. त्या सांगतात की "औंदा पाऊस लांबला, लोंबी नीट भरली न्हाई, तुकडा पडंल." ज्याला तुकडा पडेल हे माहीत असतं, त्याने तांदूळ पिकवलेला असतो. मानांकनाच्या चिठ्ठीपेक्षा मला ही खूण पटते.

वऱ्हाडी_ठेचा
९ ऑगस्ट, सायंकाळी ६:५०

आमच्या इकडे अमरावतीकडे ज्वारी व्हायची हो, खरिपाची. अख्ख्या वऱ्हाडाची भाकर होती ती. आता शिवारात बघाल तर सोयाबीन, कपाशी, तूर. शहरातली मंडळी म्हणतात, शेतकऱ्याने पैशासाठी ज्वारी सोडली. पैसा आहेच, पण डुकरं कोण धरणार? एकट्याने दोन एकर ज्वारी पेरली, तर चहूकडच्या शिवारातली रानडुकरं आणि पाखरं त्याच्याच वावरात जेवाले येतात. सगळे पेरत होते तेव्हा नुकसान वाटलं जायचं. आता एकानेच पेरायची म्हणजे रातभर जागल एकट्यानेच. हे कोणी लिहित नाही.

आणि सोयाबीन आम्ही खातो का? नाही. ज्याचा दाणा घरात शिजत नाही असं पीक घेतो, आणि त्या पैशात किराणा भरतो.

एडिसनची_मावशी
९ ऑगस्ट, रात्री ९:३५

न्यू जर्सीहून लिहितेय. माझं स्थानिक कोणतं, हा माझा कायमचा घोळ. पहिली काही वर्षं देशी दुकानातून गोठवलेली गवार, गोठवलेली तोंडली, गोठवलेला नारळाचा चव. पुण्याचं जेवण इथे उभं करायचं म्हणून. मग एका ऑगस्टमध्ये शेतकऱ्यांच्या बाजारात गेले आणि वांग्यांचा ढीग बघून उभीच राहिले. या राज्यात वांगी भरपूर होतात. टोमॅटो, मका, भोपळी मिरची, आणि हॅमंटनच्या ब्लूबेरी. तेव्हापासून आमच्याकडे जुलै ते ऑक्टोबर भरीत ठरलेलं. शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची, कांद्याची पात घातली की वांग्याला स्वतःचा गाव आठवत नाही.

एक पद्धत इथे आहे ती सांगते, तुमच्याकडे उपयोगी पडेल असं वाटतं. आम्ही दहा-बारा देशी घरं एका शेतकऱ्याला फेब्रुवारीत, शेतात बर्फ असताना, हंगामाचे पैसे देतो. जूनपासून दर आठवड्याला एक खोकं भाजी. काय येईल ते तो ठरवतो. एका वर्षी गारपीट झाली, तर दोन आठवडे नुसते कांदे आणि बीट. कुणी पैसे परत मागत नाही, तोच करार आहे. अमेरिकेत हे १९८६ च्या सुमाराला मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरमधल्या दोन शेतांवर सुरू झालं. जपानात त्याही आधीपासून 'तेइकेई' नावाने होतं. मला विचाराल तर यात भाजी दुय्यम. त्याच्या शेतावर गारा पडल्या हे मला बातम्यांच्या आधी कळलं, आणि माझ्या पोटात गोळा आला.

आकडेमोड
९ ऑगस्ट, रात्री १०:२०

मावशींची पद्धत चांगली आहे, पण दहा-बारा देशी घरांना फेब्रुवारीत पैसे देणं परवडतं. महिनाअखेरीला वाण्याकडे उधारी असणाऱ्याला 'गारपिटीत सहभागी व्हा' म्हणणं चेष्टा आहे.

दुसरी गोष्ट. सगळ्यांनी जवळचंच खायचं म्हटलं तर लासलगावचा कांदा कोण खाणार, लासलगाव? जळगावची केळी, नाशिकची द्राक्षं, सांगलीचे बेदाणे, कोकणचा आंबा, यातलं काहीच तिथल्या तिथे संपण्यासाठी लावलेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्याचं काय झालं ते आठवा. दूरचा खाणारा हा आपल्या शेतकऱ्याचा शत्रू नाही, कैकदा तोच वाली आहे.

चुलीवरची
१० ऑगस्ट, सकाळी ६:५५

@आकडेमोड, लासलगावच्या मुद्द्यावर रात्री झोप लागली नाही. आता सासूबाई म्हणतायत, चहा घेतलास तर सुचेल.

कडबाकुट्टी
१० ऑगस्ट, दुपारी १२:४०

ताई, तुमच्या वर्तुळात आमचं मंगळवेढं बसत नाही, तरी बोलतो. मोबाइलवर लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

आमच्याकडं काळं रान. पाऊस थोडका, पण पडला तेवढा हे रान पोटात धरून ठेवतं. उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरायचं, आणि पुढं थंडीवर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, येतो. विहिरीचं पाणी द्यावं लागत नाही. मालदांडी. मोहोळच्या केंद्रात निवडलेला ३५-१ नंबरचा वाण, आमच्या आज्ज्याच्या वेळेपासूनचा. राहुरीच्या विद्यापीठानं नवे वाण चांगले काढले, वसुधा आहे, रेवती आहे, उताराही जादा आहे. पण म्हातारी माणसं भाकरी मोडली की सांगतात मालदांडी आहे का नाही. २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन मिळालं, सत्कार झाले. आणि जिथं जिथं पाणी पोचलं तिथं तिथं ऊस आला.

आता तुम्ही इचारलं हे कशासाठी. मी माझ्या घरचं सांगतो. शाळू म्हणजे एक पीक नाही, दोन आहेत. वरचं कणीस माणसाचं, खालचं ताट जनावराचं. कैक वर्षी दाण्यापेक्षा कडब्यानंच तारलंय. आम्ही शाळू कमी केला तसा कडबा कमी झाला. कडबा विकत घेऊन बैल पोसणं परवडंना, बैल विकले. मग एक गाय राहिली, तीही गेली. शेणखत बंद झालं. आता रानाला पोत्यातलं खत, आणि रान घट्ट होत चाललंय, नांगर ओढताना ट्रॅक्टरवाला शिव्या देतो. जेवायच्या ताटातली भाकरी गेली आणि रानातलं ताटही गेलं. कुठलं आधी गेलं ते आता सांगता येत नाही.

का सोडला, तर सांगतो. शाळू उपटून काढावा लागतो, एकेक ताट. हाताला फोड येतात, कमरेचा काटा ढिला होतो. मजूर म्हणतो ऊस तोडतो पण शाळू उपटत नाही. त्यात रेशनवर गहू-तांदूळ, २०२३ पासून तर फुकटच. चांगलीच गोष्ट आहे, गरिबाचं पोट भरतं, मी नाव ठेवत नाही. पण शेजारी ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरी दुपारी चपाती असते. पोरं म्हणतात भाकरी म्हाताऱ्यांनी खायची. त्याच २०२३ ला जगानं भरडधान्याचं वर्ष पाळलं. शहरातल्या दुकानात ज्वारीच्या चिवड्याची चकचकीत पाकिटं आली म्हणतात. आमच्या बाजार समितीत काय उजेड पडला नाही.

माझी आजी ७२ च्या दुष्काळाचं सांगायची. अमेरिकेतून मिलो आला होता, तांबडी ज्वारी. पोट भरायचं, पण भाकरी थापताना चिरायची आणि बाया रडायच्या. रडायच्या म्हणजे खरंच. आपल्या रानात जोंधळा असता तर, म्हणून.

लासलगाववाल्या दादांचं खरं आहे. लांबचा गिऱ्हाईक पायजेच. पण लांबचा गिऱ्हाईक द्राक्षं घेतो, डाळिंब घेतो. मालदांडी लांबचा कोण घेणार? पॅरिसला भाकरी थापत नाहीत. तिला जवळचाच माणूस लागतो, नाहीतर ती जाते.

येळवस
१० ऑगस्ट, दुपारी १:३०

दादा, तुमचं लिहिणं वाचून गळा दाटला. लातूरची आहे, म्हणून आयडी असा. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, अख्खा जिल्हा शेतात जेवायला जातो, शहरं ओस पडतात. ज्वारीचे उंडे, बाजरीची भाकरी, माठातली आंबील, आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे, पुणेकरांनी कृपया लक्षात घ्यावं. ओल्या तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, हाताला लागेल ती पालेभाजी, चिंचेचं पाणी, हिरवी मिरची-लसणाचं वाटण, वरून बेसन लावून घट्ट शिजवायची. जे शेतात उभं असेल तेच पातेल्यात. तीच भज्जी मी जुलैत गोठवलेल्या वाटाण्याची करून बघितली. घरातल्यांनी खाल्ली, पण कुणी दुसऱ्यांदा वाढ म्हटलं नाही.

नवखा_बल्लवाचार्य
१० ऑगस्ट, दुपारी २:१०

भाबडा प्रश्न. तेलाचं काय? चुलीवरच्या ताईंनी तेलावर शिताफीने मौन पाळलंय.

चुलीवरची
१० ऑगस्ट, दुपारी ४:००

पकडलंत. घाण्यावरचं शेंगदाण्याचं आणते, पण दाणे कुठले ते घाणेवाल्यालाही धड सांगता येत नाही. सासूबाईंच्या लहानपणी घरात करडईचं तेल असायचं. आता वाण्याकडे मागितलं तर तो सूर्यफूल पुढे करतो.

वऱ्हाडी_ठेचा
१० ऑगस्ट, सायंकाळी ५:१५

आमच्याकडे जवसाचं होतं, तेही गेलं. देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, पामतेल धरून. ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असत, काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. जिवंत कुंपण होतं ते.

कडबाकुट्टी
१० ऑगस्ट, सायंकाळी ५:४०

करडईच्या काट्यांनीच करडई घालवली. काढायला गडी येईना. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची 'नारी-६' काढली, पाकळ्याही तोडता येतात. ताई, फलटण तुमच्या वर्तुळात येतंय बघा.

आकडेमोड
१० ऑगस्ट, रात्री ८:३०

कडबाकुट्टी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी कार्बन मोजत होतो, ते ज्वारीच्या ताटामागचा बैल मोजत होते. माझा ११ टक्क्यांचा मुद्दा चुकीचा नाही, पण त्या हिशोबात ही साखळी कुठे बसते ते मला दाखवता येत नाही.

तरी एक शंका राहतेच. भावनेने एकदा पाच किलो ज्वारी घेणारे शंभर लोक मिळाले तर शेतकऱ्याला काहीच फरक पडत नाही. त्याला सप्टेंबरमध्ये ठरवायचं असतं की काय पेरायचं. आपण फेब्रुवारीत जागे होतो.

एडिसनची_मावशी
१० ऑगस्ट, रात्री ९:०५

म्हणूनच तर बर्फात पैसे देतो हो!

चुलीवरची
११ ऑगस्ट, सकाळी ७:४०

रात्री हा धागा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. मिलोपाशी त्यांनी मला थांबवलं. तेव्हा त्या नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "तांबडी भाकरी मीही थापलीये." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर सांगायला लागल्या की पूर्वी आम्ही उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचो ते काय वेगळं होतं? ठरलेला शेतकरी होता, शिरूरकडचा. दिवाळीला फराळाला आला की विचारून जायचा, "वहिनी, औंदा किती पोती?" त्याप्रमाणे चैत्रात बैलगाडीतून जोंधळा यायचा. गच्चीवर ऊन द्यायचं, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरायचं. पैसे निम्मे आधी, निम्मे नंतर. मावशी, तुमची जपानी पद्धत आमच्या गच्चीवर वाळत होती!

तर मी ठराव दुरुस्त करतेय. कंपास ठेवून दिला. तांदूळ, भाजी जवळचीच राहील, कारण ती ताजी असते आणि तांदूळवाल्या मावशींशी गप्पा होतात. तूरडाळ लातूरची येऊ दे, नाशिकची द्राक्षं खाऊ, चहा-हिंग आहेतच. पण ज्या धान्याला आमच्यासारखी भाकरी खाणारी माणसंच गिऱ्हाईक आहेत, ते आधी सांगून, पेरायच्या अगोदर घ्यायचं. मग मंगळवेढं दोनशे किलोमीटरवर असलं तरी चालेल.

काल इमारतीत विचारलं. आमचं एक क्विंटल. तळमजल्यावरचे काका एक. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांत मिळून एक, पण त्यांना दळून हवंय. त्यांना सांगितलं की दळून ठेवलेल्या पिठाची विरी जाते, भाकरी तुटेल, आठवड्यापुरतंच दळा. चौथं क्विंटल आमच्या कामाच्या ताईंच्या भिशीतल्या बायका मिळून घेतायत, त्यांना आगाऊ पैसे जमणार नाहीत, दर महिन्याला देतील. @आकडेमोड, तुमचा तो मुद्दा मनात होता, म्हणून त्यांचे आगाऊ पैसे आम्ही तिघं भरतोय.

@कडबाकुट्टी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. चालेल का?

आकडेमोड
११ ऑगस्ट, सकाळी ९:१५

माझं अर्धं क्विंटल लिहा. भाकरी येत नाही, शिकेन. पाऊस गेला आणि पीक बुडालं तर काय, हे मात्र आधी ठरवा. नंतर मनं दुखतात.

कडबाकुट्टी
११ ऑगस्ट, रात्री ९:५०

व्यनि बघितला. घरात बोललो. कारभारीण म्हणाली, पुण्याची माणसं पेरायच्या आधी सांगतायत म्हणजे मनावर घेतलेलं दिसतंय.

साडेचार क्विंटल धरले. ओढ्याकडचा तुकडा उसाला द्यायचा होता, तो आता शाळूला. उपटायला माघ-फाल्गुनात माणसं कमी पडतील, तेव्हा ज्यांना हाताला फोड आणायची हौस आहे त्यांनी यावं, मजुरी देईन. पीक गेलं तर निम्मे पैसे माझे गेले, निम्मे तुमचे. दाणा भरला नाही तरी कडबा होतोच, तुमच्या वाट्याचा कडबा न्यायचा तर फ्लॅटमध्ये जागा करून ठेवा.

पौषात हुरड्याला या सगळे. गूळभेंडीच्या, म्हणजे हुरड्याच्या ज्वारीच्या, चार ओळी घरासाठी असतातच. आगटी पेटवू, शेंगांची चटणी, दही, लसूण, सगळं इथलं आहे. आजींना नक्की आणा. येताना काय आणू असं ताईंनी व्यनित इचारलंय म्हणून सांगतो, चहापत्ती आणा चांगलीशी. ती आमच्याकडंही पिकत नाही.